कापसाच्या गंजीवरची उडी

"ज्योती, तिला सांग, गंजीच्या आसपास बिडी-काडी चालणार न्हाई. तिच्या माणसांना ताकीद देऊन ठेव म्हणा."

नरसिंग मुकादमानं हे आपल्या सुनेला सांगितलं. ज्या लेकीला सांगायचं ती सपना त्याच्यापासून चार हातांवर उभी होती आणि तिला शब्दन्‌शब्द ऐकू गेला होता. तरी ज्योतीनं रीतीप्रमाणे मान वळवली.

"ताई, मामंजी म्हणून राहिले..."

"ऐकलं गं वहिनी. त्यांना सांग, पाण्याचा टँकर मी सकाळीच आणून उभा केलाय. आणि माझ्या युनिटमध्ये जो बिडी ओढतो, तो पार रोडच्या पलीकडं जाऊन ओढतो."

"मामंजी, ताई म्हणतेत..."

"म्या काय बहिरा हाय?" नरसिंग गुरकावला आणि पागोट्याचा शेव झटकून गंजीकडं निघाला. ज्योतीनं सपनाकडं बघितलं, सपनानं ज्योतीकडं. दोघींनी हसू दाबलं. सकाळपासून ज्योतीच्या मानेला ह्या बापलेकींनी नुसता व्यायाम लावला होता.

आठ वर्षांत अबोल्यालासुद्धा वळण पडतं. सपना मुंबईहून घरी आली की नरसिंगचं ताट ओट्यावर जायचं. ती परत गेली की ताट आत यायचं. त्याची बायको रुक्माबाई मध्येच नांदेडच्या बहिणीकडं जाते म्हणून निघायची, ती मुंबईला दोन दिवस लेकीजवळ राहून यायची, आणि नरसिंग ते ओळखूनही "बहीण बरी हाय का?" एवढंच विचारायचा. लेकीचं नाव मात्र त्यानं जिभेवर येऊ दिलं नाही.

कारण शब्द मोडला होता. हट्टा गावचा शेषराव हा नरसिंगचा जिवाभावाचा दोस्त. दोघांनी तरणेपणी एकाच जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, पाठीवर कापसाचे बोदे वाहिले, एका भाकरीचे दोन तुकडे केले. शेषरावच्या थोरल्याला, रत्नपालला, नरसिंगनं आपली सपना कबूल केली होती. सपना म्हणाली, "बाबा, मला दोन वर्षं द्या, मग म्हणाल तिथं उभी राहते." नरसिंगनं ऐकलं नाही. पुढच्याच आठवड्यात ती कबड्डीच्या सामन्यांना म्हणून नांदेडला गेली. तिथं धर्मसिंग मास्टर नावाच्या माणसानं तिला मैदानात झेप घेताना बघितलं. हा मास्टर मूळचा नांदेडचाच, सिनेमात मारामाऱ्या करून कंबर मोडून घेतलेला आणि मग दुसऱ्यांना मारामाऱ्या शिकवणारा. तिथून सपना जी मुंबईला गेली ती गेलीच. नरसिंग शेषरावच्या दारात जाऊन खाली मान घालून उभा राहिला होता. तो दिवस त्याच्या मनातून गेला नव्हता.

आणि आता, दोन हजार चार सालच्या डिसेंबरात, ऐन कापसाच्या हंगामात, तीच सपना सगळा लवाजमा घेऊन जवळा बाजारला आली होती, तीही थेट बाप मुकादम असलेल्या जिनिंगमध्ये.

'फौलाद दस्ता' ही हिंदी मालिका सहा वर्षं चालू होती. पोलिसांची एक तुकडी, तिची अधिकारी रणजिता, दर रविवारी एक गुंड आणि शेवटी एक मोठी उडी. धर्मसिंग मास्टर आधी मालिकेतले मारामारीचे प्रसंग बसवायचा, पुढं तोच दिग्दर्शक झाला. ह्या भागाचं शूटिंग आपल्या मुलखात करायचं त्याच्याच मनात आलं. जिनिंगच्या शेठजींनी आवार भाड्यानं दिलं आणि नरसिंगला बोलावून सांगितलं, "मुकादम, गंजी तुमच्या ताब्यात. एक बोंड इकडचं तिकडं झालं तर तुमी बघा." पण आल्या आल्या मास्टरच्या मुतखड्यानं उचल खाल्ली. त्याला नांदेडच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली. जीपमध्ये आडवं पडल्या पडल्या त्यानं मॅनेजर शंकरसिंगला सांगितलं, "ये एपिसोड सपना करेगी. मेरी खुर्सी पे वही बैठेगी."

नायिकेच्या जागी उड्या मारणारी पोरगी अशी एका रात्रीत डायरेक्टर झाली होती. खुर्चीवर मात्र ती सकाळपासून एकदाही बसली नव्हती.

आवारात जत्रा भरली होती. बाजारचा दिवस नसूनही बाजाराएवढी माणसं. भिंतीवर पोरं, ट्रकच्या टपावर पोरं. मधोमध पांढरीशुभ्र गंजी, सरकीच्या गोदामाच्या गच्चीला जवळजवळ टेकलेली. रणजिता गुंडाच्या मागं गच्चीवरून पळत येणार आणि थेट कापसात झेप घेणार, असा प्रसंग होता.

रुक्माबाई पहाटेपासून चुलीपुढं होती. तिनं भाकरीची चळत, वरणाचं पातेलं आणि ठेच्याचा डबा घेऊन गोदामाच्या सावलीत ठाण मांडलं होतं. भीमराज, नरसिंगचा थोरला, शाळेत मास्तर. त्यानं रजा टाकली होती. गर्दीतल्या शेतकऱ्याचं एक वाक्य त्याच्या वाट्याला आलं होतं. "अरे पळा, ती उडी मारून राहिली!" हे वाक्य तो सकाळपासून कधी रडवेल्या, कधी दरडावल्या आवाजात म्हणून बघत होता.

"आता बास करा," ज्योती म्हणाली. "तुमचं ऐकून हमाल खरंच पळून राहिले."

नरसिंग हे सगळं लांबून बघत होता. तोंडावर कडकपणा होता, पण सकाळी त्यानं लग्नाकार्याचं धोतर नेसलं होतं, ते कुणाच्याही नजरेतून सुटलं नव्हतं. तेवढ्यात फाटकातून एक टमटम आत आली. टमटममधून शेषराव उतरला. मागून रत्नपाल, त्याची बायको आणि दोन लेकरं.

नरसिंग पटकन रुईच्या गठाणींमागं सरकला.

"अरे नरसिंग! काहून लपून राहिला?" शेषरावचा आवाज पूर्वीसारखाच, अर्धं आवार ओलांडून येणारा.

"लपत न्हाई. गठाणी मोजून राहिलो."

"जयभीम तरी घे आधी. कुटं हाय आपली सपना? लेकरांनी घर डोक्यावर घेतलं, म्हणे रणजिता बघायची. म्या म्हणलं चला, आपल्या घरचाच कार्यक्रम हाय."

नरसिंगनं दोस्ताचा हात धरून त्याला गठाणींच्या आडोशाला ओढलं. "शेषराव, खरं सांग. तुला काहीच वाटत न्हाई? तिला बघून?"

"काय वाटावं?"

"आरं, तुह्या घरी यायची सून ती. म्या शब्द दिल्ता. तुझी मान खाली झाली माह्यापायी."

शेषरावनं डोळे बारीक केले. "झाली असंल की. महिना-दोन महिने झाली असंल. मग रत्नपालचं लगन लागलं. ती बघ, कशी गुणाची सून हाय, माह्या लेकापेक्षा मलाच जास्ती जीव लावती. तुझी पोरगी आली असती तर हिला म्या कुटून आणली असती?" मग एकदम थांबून त्यानं विचारलं, "थांब. तू अजून तेच धरून बसला?"

नरसिंग गठाणीवरची रुई उपटायला लागला.

"लेकीशी बोलत न्हाईस म्हणून ऐकलं होतं. मला वाटलं तुमचं घरातलं काही असंल. आरं बाबा, आठ वर्षं माह्या नावानं उपास धरला, मला एकदा विचारलं तरी असतं!"

आणि शेषराव हसायला लागला. गठाणीला टेकून, पोट धरून हसला. नरसिंगला राग आला, मग रागाचं काय करावं कळेना. इतकी वर्षं पाठीवर वाहिलेला बोदा कुणीतरी उघडून दाखवावा आणि आत काहीच निघू नये, तसं त्याला झालं. पण अबोला असा घडीभरात मोडता येत नाही. काय बोलणार? सुरुवात कुठून करणार? तो तसाच वजनकाट्याच्या ऑफिसात जाऊन बसला.

ऑफिसात फोन होता. शंकरसिंगच्या मोबाईलला इथं रेंज नव्हती, म्हणून तो घाम पुसत आत आला आणि नरसिंगकडं न बघता मुंबईचा नंबर फिरवू लागला. दोन-तीन वेळा "हां सरजी, हां सरजी" झालं. मग तो म्हणाला, "डुप्लिकेट लडकी नहीं आयी सर. परभणीत तापानं पडलीये. प्रियंका मॅडम हिरोईन, त्या तर जंप करत नाहीत, आपल्याला माहीत आहे... हां सर. सपना मारेल ना जंप, तिचंच काम आहे ते. डायरेक्शन? ते मी बघतो सर. कल से आप किसी को भेज दो. हां, सपनाला मी समजावतो."

त्यानं फोन ठेवला आणि बाहेर गेला. नरसिंग खुर्चीवरून उठून खिडकीशी आला.

बाहेर शंकरसिंग सपनाशी बोलत होता. शब्द ऐकू येत नव्हते, पण सपनाच्या खांद्यांकडं बघून नरसिंगला सगळं कळत होतं. हातातली पुठ्ठ्याची फाईल तिनं रिकाम्या खुर्चीवर ठेवली. मग दोन्ही हात मागं नेऊन केसांची वेणी घट्ट बांधायला लागली.

"आता गं बाई," रुक्माबाई सावलीतून उठली. "वेणी बांधून राहिली. म्हणजे ही उडी मारणार."

घरचे सगळे तिच्याभोवती गोळा झाले. नरसिंगही बाहेर आला आणि टँकरच्या आड उभा राहिला.

"माय, तू बस. एका मिनिटाचं काम आहे," सपना म्हणाली.

"तुझा खांदा दोनदा निखळला. डॉक्टरनं काय सांगितलं ते म्या माह्या कानानं ऐकलं. चल घरी. नको ती मुंबई अन्‌ नको ती खुर्ची."

"घरी काहून?" भीमराज पुढं झाला. आजवर तो नेहमी बहिणीच्या बाजूनं बोलला होता. आत्ताही त्याला तसंच वाटत होतं. "सपने, एवढी माणसं आली. तू मारून टाक उडी. कापूस तर हाय खाली. एकदाचा शॉट होऊन जाऊ दे."

"शॉट?" ज्योती नवऱ्याकडं वळली. बापलेकींचे निरोप मऊपणानं पोचवणारी ती ज्योती ही नव्हे, असं सगळ्यांना वाटलं. "तुमच्या त्या एका वाक्यासाठी व्हय? आज ताईनं उडी मारली की उद्या खुर्ची दुसऱ्याची. मग जन्मभर पाठ दाखवत उड्याच मारायच्या. मास्तर हाय ना तुमी? एवढं कळत न्हाई?"

भीमराजचं तोंड एवढंसं झालं. "मी तर... तसं न्हाई म्हणलो."

"वहिनी, राहू दे," सपना म्हणाली. तिचा आवाज कोरडा झाला होता. "जंप नाही झाली तर पॅकअप. मास्टरच्या नावाला बट्टा लागेल. त्यांनी माझ्यावर टाकलं होतं."

ती गच्चीच्या शिडीकडं निघाली. टँकरच्या आडून नरसिंग बाहेर पडला आणि तिच्या अंगावरून पुढं जाऊन शंकरसिंगसमोर उभा राहिला.

"ओ मॅनेजर."

"बोलिये मुकादमजी."

"ही पोरगी माह्या गंजीवर उडी मारणार न्हाई."

"अहो, ती एक्सपर्ट आहे. रोजचं काम आहे तिचं."

"मला सांगता?" नरसिंगचा आवाज चढला. "पुलावरून खाली रेतीच्या बोटीत पडली ती कोण होती? हीच होती. मोटरसायकल काचेतून बाहेर काढली ती? हीच. मालगाडीच्या टपावरून पळाली, पाऊस पडून राहिला होता, पाय सटकला अन्‌ तरी उठली, ती कोण? दिवाळीच्या भागात आगीतून लेकरू उचलून आणलं, ती? बंदूक लागून जिन्यावरून गडगडत खाली आली, म्या दोन दिवस जेवलो न्हाई! सगळी हीच होती. चालण्यावरून वळखतो म्या, पाठीवरून वळखतो. अन्‌ तोंड कुणाचं दाखवलं? एकदा, एकदा तरी माह्या लेकीचं तोंड दाखवलं का तुमी?"

रुक्माबाई जवळ आली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"तुमी तर टीव्हीकडं बघतसुद्धा न्हाई. रविवारी वारंगा फाट्याला जाता, ट्रक ठरवायला."

"तिथल्या चहाच्या हॉटेलात टीव्ही हाय," नरसिंग जमिनीकडं बघत म्हणाला. "त्यो लावतेत. म्या काय करू?"

"सहा वर्षं ट्रक ठरवून राहिले!" रुक्माबाईनं कपाळावर हात मारला. हसावं की रडावं तिला कळेना, म्हणून तिनं पदर तोंडाला लावून दोन्ही केलं. सपना शिडीच्या पहिल्या पायरीवर हात ठेवून तशीच उभी होती. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसत नव्हती.

शंकरसिंग तसा वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त दिवस उरकायचा होता. "मुकादमजी, समजलं. पण मग जंप कोण मारणार? कोणीच नाही तर मी गाड्या भरतो."

"मी मारते," कुणीतरी म्हणालं.

छत्रीखालच्या खुर्चीत प्रियंका बसली होती, खाकी वर्दीत. नागपूरची मुलगी. दोन महिन्यांचं काम म्हणून आली आणि सहा वर्षं रणजिता झाली. रस्त्यात लोक तिला सॅल्यूट ठोकायचे. ती उठून आली.

"मॅडम, तुम्ही?" शंकरसिंग गडबडला.

"का? सहा वर्षं मी धावत येते, कट होतं, आणि मी खुर्चीत जाऊन बसते. मग ही उडी मारते आणि टाळ्या मला. परवा एका शाळेत गेले तर एका मुलीनं विचारलं, ताई, उडी मारताना भीती वाटत नाही का? मी म्हणाले, नाही." ती सपनाकडं वळली. "सपना, तू शिकवलंस तर मारते. दुसरा कोणी खुर्चीवर असेल तर नाही मारणार."

सपनानं तिच्याकडं नीट बघितलं, पायांकडं, खांद्यांकडं. मग शिडीवरचा हात काढला. "बूट बदल. हे घसरतात. आणि काही खाल्लंयस का?"

"नाही."

"माय, हिला अर्धी भाकर दे. अर्धीच."

पुढचा तास सपनानं प्रियंकाला जमिनीवरच पडायला शिकवलं. गठाणीवरून सतरंज्यांच्या थरावर, मग दोन गठाणींवरून. नरसिंगनं हमालांना हाक मारली, जिनिंगमध्ये कापूस वाहणाऱ्या भिकाबाईच्या टोळीतल्या बायांना बोलावलं. सगळ्यांनी मिळून गंजीचा दबलेला वरचा थर उपसून मोकळा केला, हातांनी पिंजून पुन्हा रचला. शेषरावही धोतर खोचून त्यात घुसला. दोघं म्हातारे बरोबरीनं कापूस उलटत होते, एकमेकांच्या चुका काढत होते. नरसिंगला वाटलं, किती दिवसांनी.

मग प्रियंका गच्चीवर चढली. कॅमेरा लागला. सपना खाली उभी राहिली, गळ्यात शिट्टी. प्रियंका कडेपर्यंत आली, खाली बघितलं आणि थबकली.

"नाही होत," तिचा आवाज बारीक झाला. "सपना, मला खाली दगडच दिसतात."

"काही घाई नाही. मागं हो. श्वास घे."

ती दुसऱ्यांदा आली, पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तिला रडू आलं. गर्दीतून कुणीतरी शीळ घातली, तर भीमराजनं वर्गातल्या आवाजात त्याला असा दम भरला की शीळ तिथंच जिरली.

तेव्हा नरसिंग शिडी चढायला लागला. कुणाच्या लक्षात येईपर्यंत तो गच्चीवर पोचला होता. "बाई, तू बाजूला बस," तो प्रियंकाला म्हणाला. "तरणा होतो तेव्हा आमी दोघं, म्या अन्‌ तो शेषराव, जेवणाच्या सुट्टीत हितूनच उड्या मारायचो. दगड हाय का कापूस, तुला दाखवतो."

"अहो! काय करून राहिले?" खालून रुक्माबाई ओरडली. "गुडघे बघा आपले!"

नरसिंग ऐटीत कडेला आला. त्यानं खाली बघितलं. तरणेपणी गच्ची एवढी उंच नव्हती. गंजी एवढी लांब नव्हती. आणि पाय, हे पाय त्याचेच होते, पण पुढं पडत नव्हते. मागं फिरावं तर सगळं गाव बघत होतं.

"ज्योती!" त्यानं हाक दिली. "तिला विचार... पाय कसे ठेवायचे?"

ज्योती सपनाच्या शेजारीच उभी होती. तिनं वर बघितलं, सासऱ्याचा चेहरा नीट दिसत होता. तिनं कानाला हात लावला. "मामंजी, काहीच ऐकू येत न्हाई हितून!"

"आगं, तिला विचार म्हणलं!"

"न्हाई ऐकू येत! तुमीच विचारा!"

शेषराव खो-खो हसायला लागला. नरसिंगनं एकदा आभाळाकडं बघितलं. मग खाली बघितलं, गंजीकडं न बघता, पोरीकडं. ती दोन्ही हात शिट्टीवर घट्ट धरून उभी होती. सामन्याच्या आधी ती लहानपणी अशीच उभी राहायची आणि तो मैदानाच्या कडेला.

"सपना," तो म्हणाला.

आवाज फार मोठा नव्हता, पण आवारातल्या सगळ्यांना ऐकू गेला.

"सपना, भ्या वाटून राहिलं मला. सांग की काय करू."

तिनं बाहीनं डोळे पुसले. आणि मग तिचा जो आवाज निघाला तो मोठा, मोकळा, कुणालाही धीर येईल असा होता.

"बाबा, खाली बघू नका! समोर बघा, तो रोडवरचा लिंब दिसतो का?"

"दिसतो."

"त्याच्याकडंच बघा. हात छातीवर घ्या. हनुवटी छातीला लावा. उडी मारायची न्हाई. पाऊल पुढं टाकायचं अन्‌ खुर्चीत बसल्यासारखं बसायचं. पाठीवर पडायचं. समजलं?"

"समजलं."

"म्या हाय हितं. या!"

नरसिंग खुर्चीत बसल्यासारखा हवेत बसला. धोतर फुगलं, पागोटं वरच राहिलं आणि तो कापसात असा गडप झाला की खड्ड्याच्या कडा वरून मिटून गेल्या. रुक्माबाई धावली. हमाल धावले. सगळ्यांच्या आधी सपना पोचली आणि दोन्ही हातांनी कापूस उपसायला लागली. आधी एक हात वर आला, मग पांढरंशुभ्र झालेलं डोकं.

"लागलं का? बाबा, कुटं लागलं का?"

नरसिंगनं तोंडातला कापूस थुंकला. तो हसत होता. इतका हसत होता की त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं लेकीचं मनगट धरलं आणि बाहेर येण्याऐवजी तिलाच आत ओढलं, आणि दोघं गंजीत लोळत, एकमेकांच्या अंगावरचं काढत हसत राहिले. गर्दीनं शिट्ट्यांनी आवार दणाणून सोडलं. ह्या वेळी भीमराजनंही दोन बोटं तोंडात घातली होती.

"बाजूला व्हा!" वरून प्रियंका ओरडली. "मुकादमबाबा, सपना, बाजूला व्हा! मला आता मारायचीय. नाहीतर पुन्हा भीती वाटेल!"

आणि तिनं मारली. रणजितानं, स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या पायांनी. पडता पडता ती जी किंचाळली त्यात भीती होती आणि आनंदही होता. कॅमेऱ्यानं तिचा चेहरा कापसात बुडेपर्यंत सोडला नाही.

शंकरसिंग ऑफिसात जाऊन फोन करून आला, तो चेहरा बदलूनच. "मुंबईचे शेठ खूश. विचारत होते, मॅडमचा चेहरा दिसतो का जंपमध्ये? मी म्हटलं, पूरा दिसतो. मग म्हणाले, पुढचे दोन भागही सपनाच करू दे." जरा घुटमळून तो पुढं म्हणाला, "मघाशी मी फोनवर... घाईत बोलून गेलो."

"जेवला का तुमी?" रुक्माबाईनं त्याच्या हातात ताटली दिली. त्यानं ठेचा पहिल्या घासाला खाल्ला आणि पुढं बराच वेळ त्याला काहीच बोलता आलं नाही.

एवढं होऊन उन्हं उतरायला लागली तरी दिवसाचं काम संपलं नव्हतं. गर्दीचा शॉट राहिला होता. उडी बघणारे शेतकरी आणि हमाल उभे करायचे होते. सपना आता खुर्चीवर बसली होती, पाय वर घेऊन, केसांत कापूस तसाच. तिनं रत्नपालच्या लेकरांना पुढं बसवलं, त्यांच्या आईला त्यांच्यामागं. भीमराजला त्याची जागा दिली. शेवटी दोघा दोस्तांना हाताला धरून मधोमध आणून उभं केलं.

"बाबा, शेषरावकाका, वर बघायचं. गच्चीवरून ती उडी मारून राहिली असं समजायचं. कॅमेऱ्याकडं बघायचं न्हाई."

"न्हाई बघत," नरसिंग म्हणाला.

शिट्टी वाजली. भीमराज प्राणपणानं ओरडला, "अरे पळा, ती उडी मारून राहिली!" आणि शंभर माणसांच्या माना एकदम रिकाम्या गच्चीकडं वळल्या.

"कट! बाबा, वर बघा."

"बघून राहिलो ना."

"तुमी माझ्याकडं बघून राहिले."

दुसऱ्यांदा शिट्टी वाजली. भीमराज पुन्हा ओरडला. माना वर गेल्या, शेषरावची गेली, लेकरांची गेली.

"कट! बाबा!"

"आगं, वरच बघून राहिलो म्या!"

"त्याला राहू दे गं सपना," शेषराव म्हणाला. "त्याची मान आज तिकडंच वळून राहिली."

सपनानं कॅमेऱ्यामागून मान बाहेर काढून बापाकडं बघितलं. मग कॅमेरावाल्याला हळूच काहीतरी सांगितलं. त्यानं कॅमेरा थोडा उजवीकडं फिरवला, नरसिंगपर्यंत, आणि तिसऱ्यांदा शिट्टी वाजली.